आईला कॉलेजात घालणारे हवालदार

स्कूटरला गूळ चारणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. आमच्या अंगणात स्कूटर उभी केली की हवालदार आधी तिच्या सीटवर थोपटायचे, मग पुढे येऊन हेडलाइटसमोर तळहात धरायचे. तळहातावर गुळाचा खडा. स्कूटर अर्थातच तो खायची नाही. थोडी वाट बघून हवालदार तो खडा हेडलाइटच्या काचेला टेकवायचे, "पॉट भरला वाटता," असं म्हणायचे आणि स्वतःच्या तोंडात टाकायचे. त्या काचेच्या आत मुंग्यांनी वस्ती केली होती. तिन्हीसांजेला दिवा लावला की समोरच्या रस्त्यावर म्हशीएवढ्या मुंग्यांच्या सावल्या चालायला लागायच्या आणि समोरून येणारे सायकलवाले घाबरून कडेला उतरायचे.

"हवालदारांनू, त्या मुंग्यांका भायर काढा ओ," आई म्हणायची.

"ऱ्हवांदेत, मेमसाब. तेंकाय खंयतरी जावचा असतला."

हवालदारांची सगळी नोकरी सैन्याच्या खेचर पलटणीत झाली होती. जिथे ट्रक चढत नाही, जीप चढत नाही, तिथल्या चौक्यांवर पीठ, रॉकेल, दारूगोळा आणि टपाल पोचवायची ती खेचरं, आणि त्यांच्या बाजूने चालणारे हे. निवृत्त होऊन ते मालवणच्या किनाऱ्यावर घरी परतले तेव्हा पंचक्रोशीत एकही खेचर नव्हतं. मग त्यांनी एक जुनी स्कूटर घेतली, आपल्या लाडक्या खेचराचं चांदणी हे नाव तिला दिलं आणि खेचराचे सगळे कायदे तिला लागू केले. चांदणीच्या मागे कुणी उभं राहायचं नाही, लाथ मारते. चांदणीला उताराकडे तोंड करून बांधायचं नाही, म्हणजे उभी करायची नाही. आणि चढावर चांदणीवर बसायचं नाही. कुडाळच्या वाटेवर चढण आली की हवालदार खाली उतरायचे, हँडल धरून तिच्या बाजूने चालायला लागायचे, आणि मागे बसलेल्यालाही चालायला लावायचे. त्यांच्याकडून लिफ्ट घेतलेली माणसं बऱ्याचदा एसटीच्या मागाहून पोचायची, आणि तीही घामाघूम.

हे असले हवालदार आमच्या घरात शिरले ते माझ्या वडिलांमुळे. माझे वडील सैन्यात होते आणि मी बालवाडीत असताना ते काश्मीरात गेले. शहीद झाले असं लोक म्हणतात, आम्ही घरात 'गेले' एवढंच म्हणतो. तेव्हा गावात गाड्या आल्या, भाषणं झाली, शाळेच्या गेटाला त्यांचं नाव लागलं. मग गाड्या आपापल्या रस्त्याने गेल्या आणि आम्ही आमच्या मासळीकडे परतलो. काकाचा, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाचा, होडीचा धंदा होता. तो मासे आणायचा, आई ते साफ करून सुकवायची आणि बाजारात विकायची.

मी सातवीत असेन. आई अंगणात खवल्यांनी माखलेल्या हातांनी बांगडे चिरत बसली होती, आणि एक मिशाळ माणूस फाटकात येऊन ताठ उभा राहिला. त्याने टाच आपटली आणि ओरडला, "जय हिंद, मेमसाब!"

आईने मान वळवून मागे बघितलं, आपल्या पाठीमागे कोण मेमसाब येऊन उभी राहिली आहे म्हणून.

"तुमीच, तुमीच," हवालदार म्हणाले. "आमच्या पलटणीत जवानाच्या बायलेक मेमसाब म्हणतत. ह्या चेडवाची फी भरलास?" त्यांनी माझ्याकडे, तिच्या मुलीकडे, बोट दाखवलं.

"भरली," आई घाबरून म्हणाली. तिला वाटलं थकबाकीवाले आले.

"कित्याक भरलास?" हवालदार एवढे चिडले की जणू आम्ही शाळेची घंटाच चोरली होती. "सरकारान माफ केलेली फी भरलास? वह्याय इकत घेतलास? मेमसाब, ह्या म्हणजे खेचराक नदयेर नेला आणि ता तहानलेला परत इला!"

सैनिक गेल्यावर त्याच्या मुलांना शिक्षणात सवलती असतात, फी, पुस्तकं, वसतिगृह, गणवेश, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. कुणीतरी कधीतरी सांगितलंही असेल, पण त्या दिवसांत आईला कुणी काही सांगितलेलं आत पोचत नव्हतं. हवालदारांनी असली घरं जिल्हाभर शोधून ठेवली होती. एक शिरोड्याला, एक दोडामार्गला रबराच्या बागेला लागून, एक तळेऱ्याच्या पलीकडे. या कामावर त्यांना कुणीही नेमलेलं नव्हतं.

आता इतकी घरं सांभाळणारा माणूस म्हणजे नियम तोंडपाठ असणारा, असं कुणाला वाटेल. हवालदारांना नियम अजिबात येत नसत. कुठल्या कागदाला कुठला कागद जोडायचा याचा त्यांच्या डोक्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत गोंधळ होता. एकदा त्यांनी माझ्या शाळेच्या दाखल्याऐवजी आपल्या कुत्र्याला टोचलेल्या इंजेक्शनचा दाखला सरकारी ऑफिसातल्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "हा कुत्र्याचा आहे."

"होय श्रीमान," हवालदार म्हणाले. "तोसुद्धा वेळेवर घेतलाय."

माझ्या वडिलांना ते कधी भेटलेले नव्हते, पण त्यांच्याविषयी अगदी छातीठोक बोलायचे. "तुझो बापूस म्हणजे उंच माणूस! दारातसून वाकान येवचा लागायचा." आई एकदा न राहवून म्हणाली, "ते माझ्याएवढेच होते ओ." हवालदार जरा विचारात पडले. मग म्हणाले, "होय, पण वर चौकीर असतले ना. थंयसून उंचच दिसतत."

त्यांना एकच गोष्ट पक्की येत होती, ती म्हणजे खेचर. आणि त्यांच्या मते ऑफिसातला माणूस, बँकेतला माणूस, एसटीचा कंडक्टर आणि बहुतेक नातेवाईक ही सगळी खेचरंच. हा अपमान नव्हता. त्यांच्या तोंडी यापेक्षा मोठं कौतुक नव्हतं. "लोक म्हणतत खेचर हट्टी," ते मला शिकवायचे. "खेचर हट्टी नसता गो. घाबरलेला असता. पुढे खड्डो आसा काय, ह्या तेका आपल्या आदी कळता, म्हणान उभा ऱ्हवता. फुडसून वडूचा नाय, मागसून मारूचा नाय. बाजूक जावन उभा ऱ्हवाचा आणि तेच्या खांद्याशी हळू बोलाचा."

हे ते खरोखरच करायचे, आणि त्याचा सर्वांत मोठा प्रयोग मी बारावी पास झाल्यावर कॉलेजच्या ऑफिसात पाहिला.

मला बी.कॉम.ला प्रवेश घ्यायचा होता. सवलत नाही मिळाली तर काकाच्या होडीवर भार, आणि त्या वर्षी होडीचं इंजिनच काकाचा जीव खात होतं. म्हणजे प्रवेश झाला तर शिक्षण, नाहीतर बांगडे. कॉलेजचं नाव सांगत नाही. खिडकीत एक हेडक्लार्क होते, बारीक, चष्मेवाले, शर्टाच्या खिशात पेनांची रांग लावणारे. त्यांनी माझा अर्ज वाचला, वडिलांचा मृत्यूचा दाखला वाचला, सैन्याचं पत्र वाचलं, आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे. इथे फक्त वडिलांची सही राहिलीय."

आई म्हणाली, "ते नाहीत."

"मग कधी येतील?"

"ते येणार नाहीत. ते गेले. दाखला जोडलाय बघा."

"हो, दाखला बघितला मी," हेडक्लार्क म्हणाले. "दाखल्याबद्दल काही म्हणणंच नाही. पण सही?"

मला रडू यायला लागलं होतं. आईचा चेहरा दगडासारखा झाला होता. एवढ्यात हवालदार खिडकीवरून नाहीसे झाले. बघते तर बाजूच्या दाराने ते आत शिरून हेडक्लार्कच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला उभे. मागे नाही, पुढे नाही, बरोब्बर खांद्याशी. आणि त्यांच्या गळ्यातून एक बारीक आवाज निघत होता, "होऽऽ, होऽऽ... थम... शाबास... होऽऽ..."

हेडक्लार्क खुर्चीतच आक्रसले. "अहो, हे काय करताय?"

"काही नाही श्रीमान, तुम्ही आपलं चालू द्या. होऽऽ..." आणि त्यांनी तळहात पुढे केला. तळहातावर गूळ आणि भाजलेले चणे.

त्या माणसाने गूळ का घेतला हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्याने घेतला, तोंडात टाकला, चष्मा काढून पुसला, आणि एकदम घरच्यासारखा बोलायला लागला. गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या माणसांनी एका अर्जातल्या रिकाम्या रकान्यावरून त्यांना सगळ्या स्टाफसमोर उभं करून झापलं होतं. तेव्हापासून रिकामा रकाना दिसला की ते अर्जच परत फिरवायचे. "मला काय हौस आहे का हो," ते आईला म्हणाले, "पण तो रकाना असा उघडा बघवत नाही."

"मग त्याला झाका की," हवालदार म्हणाले. "मेमसाब, इथे तुमची सही घाला."

आईने सही केली. नुसती सही नाही, पुढे 'आई' असं लिहून खाली नीट रेघही मारली. हेडक्लार्क बघत राहिले. "अक्षर सुरेख आहे हो तुमचं. शिक्षण किती?"

"बारावी," आई म्हणाली. "पुढे लग्न झालं."

"अरेरे. म्हणजे तसं बघितलं तर ही सवलत पत्नीलासुद्धा आहे म्हणा," हेडक्लार्क गुळाच्या भरात बोलून गेले, आणि बोलल्याबरोबर त्यांना कळलं की आपण काय केलं.

"दुसरा फॉर्म द्या," हवालदार म्हणाले.

"अहो, मी सहज बोललो! आणि इथे लिहिलंय काय? 'पत्नी अथवा अपत्ये.' अथवा म्हणजे किंवा. दोघींपैकी एकच."

"श्रीमान, आमच्या लंगरात पाटीवर लिहिलेलं असायचं, चपाती किंवा भात. एवढी वर्षं नोकरी केली, एक खाऊन उठलेला जवान मी बघितला नाही."

"लंगर वेगळं, कॉलेज वेगळं."

"पोट वेगळं नाही."

हे प्रकरण इतकं वाढलं की शेवटी आम्ही सगळे, हेडक्लार्क, हवालदार, मी आणि मध्ये अंग चोरून आई, प्राचार्य मॅडमच्या खोलीत जाऊन उभे राहिलो. मॅडमनी कागद वाचला आणि सांगितलं की एकीने घेतल्याने दुसरीचा हक्क जात नाही, दोघींचे अर्ज वेगवेगळे येऊ देत. मग त्यांनी चष्म्यावरून आईकडे बघून विचारलं, "तुम्हाला शिकायचंय का?"

त्या सगळ्या गोंधळात हा प्रश्न आईला प्रथमच कुणीतरी विचारत होतं. आईने पिशवी उचलली. दारातून बाहेर पडली ती थेट एसटी स्टँडवर जाऊन बसली.

घरी आल्यावर ती बांगड्यांकडे वळली. मी चहा टाकला. बराच वेळ कोयतीचा आवाज येत राहिला, मग थांबला.

"गो," ती बाहेरून म्हणाली, "माझां अक्षर खरांच बरां आसा?"

"माझ्यापेक्षा बरां आसा."

"ता काय मोठां नाय," आई म्हणाली. पण हात धुऊन आत आली आणि माझं पेन मागून घेतलं.

काकाने घर डोक्यावर घेतलं. "वयनी कॉलेजात? ह्या वयात? चेडवाबरोबर बाकार बसतली? लोक काय म्हणतले!"

"कोण लोक, तेंची नावां सांगा," हवालदार म्हणाले. "मी एकेकाक गूळ देवन येतंय."

"चेष्टा करू नकात, हवालदारांनू! शिकली काय नोकरी लागतली. नोकरी लागली काय मुंबयक जातली, चेडवाक घेवन. मगे ह्या घराक कुलूप. दादाच्या घराचा कुलूप बघीत मी रोज बंदरार कसो जावचो?"

एवढं बोलून काका पायरीवर बसला. हवालदार त्याच्या बाजूला, खांद्याशी, उकिडवे बसले. खुर्चीवर ते कधीच बसत नसत. थोड्या वेळाने म्हणाले, "तुमका एक काम सांगतंय. सकाळची एसटी तिठ्यार येता. ह्येंका घरापासून तिठ्यापर्यंत न्हेवक एक जबाबदार माणूस व्हयो. दोन मेमसाब, सामान, पावस, कुत्रे. सगळ्यांका जमाचा नाय."

दुसऱ्या दिवसापासून काका होडीवरून येऊन, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या पुढे चालायला लागला. वाटेत कुणी "खंय चाललास?" असं विचारलं तर तो आमच्याकडे न बघता म्हणायचा, "ड्युटीर."

आईबरोबर एका वर्गात शिकणं म्हणजे काय हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. मला दांडी मारता येईना. झोप लागली की पुढच्या बाकावरून खडूचा तुकडा यायचा आणि तो सरांनी मारलेला नसायचा. एकदा मी मागे बसून हसत होते म्हणून सर चिडले. "उद्या पालकांना घेऊन ये, त्याशिवाय वर्गात बसायचं नाही!"

पहिल्या बाकावरून आई उभी राहिली. "मी हंयच आसंय, सर. काय केल्यान तेना?"

सगळा वर्ग हसत सुटला. सरही सुटले. त्या दिवसापासून कॉलेजभर आईचं नाव मेमसाब पडलं. कॅन्टीनवाल्यापासून शिपायापर्यंत सगळे "मेमसाब, गुड मॉर्निंग" करायचे, आणि मी मेमसाबची मुलगी. हवालदार अधूनमधून तपासणीला यायचे. सवलतीत गणवेश लिहिला आहे आणि कॉलेजला गणवेशच नाही, हे त्यांना सैन्याविरुद्धचं कारस्थान वाटायचं. हेडक्लार्कना गूळ द्यायचे आणि दर वेळी म्हणायचे, "श्रीमान, गणवेशाचं काय?" हेडक्लार्क म्हणायचे, "विचाराधीन आहे." असं दोघांचं छान जमलं होतं.

मग पहिल्या वर्षाचा निकाल लागला. मी पास झाले. आई अकाउंट्समध्ये नापास झाली.

आई त्या दिवशी हसली. "बरां झालां, हौस फिटली," म्हणाली, पुस्तकं माळ्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आला तेव्हा त्याला म्हणाली, "भावजी, आजपासून एकटीक न्हेवा." मी रडले, भांडले, उपाशी राहिले. मॅडमचा फोन आला तो तिने घेतला नाही. काका, तोच काका, दारात उभा राहून ओरडला, "वयनी, लोक काय म्हणतले!"

हवालदार आले तेव्हा आम्हाला वाटलं आता भाषण होणार. त्यांनी चांदणीला गूळ दाखवला, स्वतः खाल्ला, अंगणात आले आणि आईपासून थोड्या अंतरावर बांगडे वाळवायच्या चटईच्या कडेला मांडी घालून बसले. एक अक्षर बोलले नाहीत. दुपारपर्यंत चणे खात बसून राहिले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. आई बांगडे पसरायची, ते बसायचे. आई बांगडे उलटे करायची, ते बसायचे. शेजारपाजारचे येऊन बघून गेले.

शेवटी आईलाच राहवलं नाही. "हवालदारांनू, तुमका कंटाळो येवक नाय?"

"नाय, मेमसाब. सवय आसा." ते समुद्राकडे बघत होते. "वर एकदा आमची चांदणी अशीच बसली. बर्फात, अर्ध्या वाटेर. साहेब म्हणालो, मार. मी म्हटलंय, मारूचंय नाय. बाजूक बसलंय."

"पाठीर काय होता तिच्या?"

हवालदारांनी हातातले चणे खिशात परत टाकले. "आमचो एक जवान होतो. खाली आणूचो होतो."

आईचा हात थांबला. मी दारात उभी होते, ती तिथेच राहिले.

"मगे?" आईने हळूच विचारलं.

"मगे काय. ती घाबरलेली. तिका कळला होता पाठीर काय आसा ता. मी आपलो बसलंय, गाणी म्हटलंय. तिका वाटला तेव्हा उठली. आमी तिघांय खाली इलो."

समुद्रावरून वारा येत होता आणि चटईवरचे बांगडे वाळत होते. मग आई उठली. पदर खोचला आणि म्हणाली, "बरां. जातंय मी कॉलेजात. पण आदी तुमी उठा."

"मी? मी कित्याक?"

"तीन दिवस सांगीन सांगीन म्हणतंय. तुमी माझ्या बांगड्यांर बसलास."

हवालदार दचकून उभे राहिले. त्यांच्या खाकी पँटच्या बुडाला दोन बांगडे चिकटून आले होते, आणि ते काढण्यासाठी ते स्वतःभोवती असे गरगर फिरायला लागले की आई अंगणात खाली बसून हसली. पोट धरून हसली. वडील गेल्यापासून तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. तिने अकाउंट्सचा पेपर पुढच्या खेपेला काढला. आज ती गावातल्या मच्छीमार सोसायटीचे हिशेब बघते. मी कुडाळला बँकेत आहे. घराला कुलूप लागलेलं नाही, पण काका अजूनही अधूनमधून येऊन कडी तपासून जातो.

हवालदार गेले त्याला आता वर्ष होईल. झोपेतच गेले. तेराव्याला शिरोड्याची मंडळी आली, दोडामार्गची आली, आणि त्याखेरीज जिल्हाभरातले इतके कारकून आले की गावातल्या लोकांना वाटलं हवालदारांनी मरताना कुठला तरी दाखला मागितलाय. प्रत्येक जण हळूच सांगत होता, मलासुद्धा द्यायचे हो गूळ. स्कूटर कुणी न्यायची यावर थोडा वाद झाला. शेवटी कॉलेजच्या हेडक्लार्कनी, जे तोवर निवृत्त झाले होते, ती नेली. चढावर ते उतरून चालतात असं ऐकलं.

पण मला हवालदार आठवतात ते पदवीदानाच्या दिवशीचे.

कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. आई आणि मी काळे झगे घालून शेजारीशेजारी बसलो होतो. आईचा झगा लांब झाला होता, तो तिने लुगडं खोचावं तसा कमरेला खोचला होता. भिंतीला लागून एनसीसीची मुलं रांगेने उभी. व्यासपीठावर प्राचार्य मॅडम, बाहेरगावचे पाहुणे, आणि बाजूला पदव्यांचं तबक धरून हेडक्लार्क. हवालदार तिसऱ्या रांगेत काकाच्या शेजारी होते. अंगावर पलटणीचा जुना कोट, त्याची बटणं पोटावर जीव मुठीत धरून बसलेली, छातीवर पदकं. आयुष्यात प्रथमच ते खुर्चीवर बसले होते आणि त्यामुळे फार अवघडलेले दिसत होते.

आईचं नाव पुकारलं. आई उठून व्यासपीठाच्या पायऱ्या चढायला लागली. आणि तिसऱ्या रांगेतून, दरीच्या पलीकडच्या खेचराला हाक मारण्यासाठी घडवलेल्या त्या आवाजात आरोळी आली.

"मेमसाब आ रही हैं! साऽऽवधान!"

एनसीसीच्या मुलांच्या टाचा एकदम आपटल्या. त्या आवाजाने दचकून पोरं उभी राहिली, पोरांमुळे पालक उभे राहिले. प्राचार्य मॅडम उभ्या राहिल्या. पाहुणे पदवी हातात घेऊन ताठ झाले. हेडक्लार्कनी तबक छातीशी धरून पाय जुळवले. सगळा हॉल सावधान, आणि मधोमध झगा खोचलेली आई.

आता पुढची आज्ञा यायला हवी होती. ती येईना. मी मागे वळून बघितलं. हवालदार ताठ उभे होते, हनुवटी वर, जबडा हलत होता, पण गळ्यातून काहीच निघत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरून तिथेच अडकलं होतं. काकाने त्यांना कोपर मारलं. काही नाही. एनसीसीची मुलं डोळे फिरवून एकमेकांकडे बघत होती, पण ज्याने सावधान केलं त्यानेच सोडायचं असतं, म्हणून कुणी हलायला तयार नव्हतं. पंख्यांचा आवाज तेवढा येत राहिला. पाहुण्यांच्या कपाळावर घाम आला.

आईने हवालदारांकडे बघितलं. मग ती सावकाश चालत पाहुण्यांपाशी गेली, त्यांच्या ताठरलेल्या बोटांतून आपली पदवी आपणच सोडवून घेतली आणि माईकसमोर येऊन उभी राहिली.

"हवालदारांनू," ती म्हणाली, "विश्राम."

टाचा सैल झाल्या, खुर्च्या वाजल्या, हेडक्लार्कनी तबक खाली घेतलं, आणि सगळा हॉल हसत हसत खाली बसला. हवालदार तेवढे उभेच राहिले. माझं नाव अजून यायचं होतं.